जिन्याखालच्या सर्व्हरचं बारसं

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये. ज्या गोष्टीवर चारचौघांचा चटकन विश्वास बसतो ती एक तर प्रचारसभेतली असते, नाहीतर लग्न जमवताना सांगितलेली मुलाच्या नोकरीची. माझी गोष्ट एका लोखंडी खोक्याची आहे. त्या खोक्याला आम्ही पाळण्यात घातलं, त्याच्या कानात कुर्रर्र केलं आणि गावभर घुगऱ्या वाटल्या. तेही एकदा नव्हे.

परवा सातबाऱ्याचा उतारा काढायला तालुक्याच्या सेवा केंद्रात गेलो होतो. काउंटरपलीकडे प्रणोती नावाची मुलगी बसते. तिनं मान वर न करताच सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे काका. बसा."

मी बसलो. माझ्याशेजारी संभा जीपवाला पेंगत होता. समोर भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, पदर पार कपाळाखाली ओढलेला. ती हयातीच्या दाखल्याला आली होती, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायला. पण मशीन तिचा अंगठा घेत नव्हतं. जन्मभर धारा काढून अंगठ्यावरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. ती आपली अंगठा पदराला पुसत बसली होती, जणू खालून नवा निघणार होता.

"सर्व्हर डाऊन म्हणजे काय गं पोरी?" मी विचारलं.

"बंद पडलाय."

"हेच तुमच्या पिढीचं! बंद पडायला तो काय पंप आहे? तो रुसतो. आणि का रुसतो ते मला विचार. उभ्या महाराष्ट्रात मेल सर्व्हरचं बारसं घातलेला मी एकटा माणूस आहे."

संभानं एक डोळा उघडला. "तात्यांनी स्टार्टर मारला," तो म्हणाला. "आता ब्रेक न्हाई."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ऐकणारे फुकट मिळाले की त्यांच्या लायकीची चौकशी करू नये.

तर, त्या काळी मी आमच्या तालुका दूध संघात संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभागात माणूस मी एकटाच, त्यामुळे प्रमुखपदाला चुरस नव्हती. चेअरमन होते भगवंतराव इंगवले. बोटांत चार अंगठ्या, खिशाला दोन पेनं, दोन्हींतली शाई वाळलेली. सही करायची वेळ आली की समोरच्याचं पेन घ्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. असा माणूस सहकारात वर जातो.

एकदा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"खोचरे, माझी मेलं फुटतायत. मी इथं लिहितो आणि विरोधी पॅनेल तिथं पारावर वाचून दाखवतं."

"साहेब, पासवर्ड काय ठेवलाय?"

"माझं नाव. भगवंतराव."

"तो बदला."

"का म्हणून? नाव माझं, बदलू मी? बदलायचं तर त्यांनी बदलावं." टेबलावर मूठ आपटून ते म्हणाले, "ते काही नाही. आपल्याला स्वतःचं पोस्ट ऑफिस पाहिजे. संघाच्या आवारात, संघाच्या कुलपात."

मग पुण्याहून एक इंजिनियर बोलावला. कौस्तुभ त्याचं नाव. पाठीला सतरा कप्प्यांची पिशवी आणि चेहरा असा, की आपल्या गावाला वीज आलेली पाहून त्याला नवल वाटलंय. आम्ही त्याला जिन्याखालची जागा दाखवली. तुपाचे रिकामे डबे बाजूला सारून छान ऐसपैस केली होती. तो म्हणाला, "इथे धूळ आहे. एसी लागेल." एसी संघात एकच होता आणि तो चेअरमनसाहेबांना लागत होता. पोरानं कोटेशन ठेवलं. चेअरमननी ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"खोचरे, हे तुला येईल?"

आता इथं शहाणा माणूस म्हणाला असता, 'नाही.' पण ते पोरगं माझ्याकडे पाहून हसलं. मी म्हणालो, "साहेब, हा जे एसीत करणार ते मी चहावर करतो."

"मग ठरलं," चेअरमन म्हणाले. "वार्षिक सभेत सगळ्या सभासदांसमोर मी बटण दाबणार. अमेरिकेत आमच्या अभिजितला मेल जाणार आणि त्याचं उत्तर पडद्यावर येणार. आलं, तर तुला ऑफिसर करतो. नाही आलं, तर खांडजाई."

"खांडजाई म्हणजे?" प्रणोतीनं विचारलं.

"पोरी, देवानं सह्याद्री केला आणि उरलासुरला चिखल जिथं झटकला ती खांडजाई. तिथं संघाचं चिलिंग सेंटर होतं. वाड्यावस्त्यांचं दूध गोळा करून गार करायचं आणि टँकरची वाट बघायची. धुकं असं, की लॅक्टोमीटर डोळ्याला लावून वाचावा लागतो. बुटात जळवा. जनरेटरला डाव्या अंगाला खालून लाथ घातल्याशिवाय तो जागा होत नाही. फोनला रेंज नाही. पाण्याच्या टाकीवर चढून घाटाकडे तोंड करून उभं राहिलं तर एक काडी येते, आणि बोलायला तोंड उघडलं की जाते."

"तुम्ही राहिलाय वाटतं तिथे?"

"मी? छे! मी कशाला राहतोय? ऐकून आहे."

म्हातारीनं अंगठा पुसायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पुसायला लागली.

जाताना त्या कौस्तुभनं मला जिन्याखाली गाठलं. "काका, एक सांगू? आत ऑफिसमध्ये सर्व्हरला काय हाक मारायची ती मारा. पण बाहेर मेल पाठवताना तो समोरच्याला आधी आपलं नाव सांगतो. ते नाव बाहेरच्या जगात नोंदलेलं पाहिजे आणि आपल्या नंबराशी जुळलं पाहिजे. नाहीतर कोणी दार उघडणार नाही."

मी म्हणालो, "माझा सर्व्हर काय माधुकरी मागायला चाललाय का दारोदार?"

तो खांदे उडवून गेला. पुण्याची माणसं सल्ला देतात तो आपण ऐकावा म्हणून नाही, पुढे 'मी म्हणालोच होतो' म्हणता यावं म्हणून.

नावाचं प्रकरण मात्र मला नीट कळलं होतं. तुम्हालाही सांगतो, सोपं आहे. कॉम्प्युटरला नाव कळत नाही, नंबर कळतो. आपल्याला नंबर ध्यानात राहत नाही, नाव राहतं. मग मधे एक सांगणारा लागतो, की अमुक नाव म्हणजे तमुक नंबर. गावात हे काम कोतवाल करतो. आमच्या गल्लीत ज्ञानदेव विठोबा पिसाळ कुठं राहतो विचारा, कुणी सांगणार नाही. बोक्या कुठं राहतो विचारा, पोरंसोरं घरापर्यंत पोचवतील. पण तोच बोक्या मुंबईला जाऊन विचारा, लोक मांजर शोधतील. आतलं नाव आत चालतं, बाहेरचं बाहेर. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळा कोटेशनचा कागद.

मी एक जुना कॉम्प्युटर लोखंडी कपाटावर चढवला आणि त्याला ऑफिसपुरता कोतवाल केला. टेबलावरच्या मशीननं नाव विचारायचं, कोतवालानं नंबर सांगायचा. आता फक्त जिन्याखालच्या सर्व्हरला नाव द्यायचं राहिलं होतं. विषय साधा होता, म्हणून मी तो संचालक मंडळासमोर ठेवला. मूर्खपणा झाला.

"त्यात विचारायचं काय?" चेअरमन म्हणाले. "आबासाहेब. आमच्या वडिलांनी संघ काढला."

व्हाईस चेअरमन नलवडे पान थुंकून आले. "संघ काढला, पण जागा कुणाची? आमच्या वडिलांनी जमीन दिली नसती तर आबासाहेबांनी म्हशी डोक्यावर बांधल्या असत्या काय? नाव नानासाहेब."

कोपऱ्यातले घोलप कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "पहिल्या दिवशी पहिला तांब्या दूध कुणी घातलं? आमच्या आजोबांनी. दाजी म्हणत त्यांना. दाजीच नाव पाहिजे."

"तुमच्या दाजीच्या दुधात पाणी होतं!"

"पाणी होतं, पण पहिलं होतं!"

आमच्याकडे शाळा, पूल, एसटीचा थांबा, मुतारीची भिंतसुद्धा कुणाच्या तरी वडिलांच्या नावाची असते. पण त्या दिवशी मी तीन जाणती माणसं एका खोक्याला आपला बाप करायला भांडताना पाहिली. शेवटी चेअरमन माझ्याकडे वळले. "खोचरे, तू ठरव. पण नाव आबासाहेबच पाहिजे."

आणि तिथं माझं डोकं चाललं. कोतवाल माझ्या हातातला होता. एका माणसाला घरात तीन नावं असतात की नाही? आई म्हणते बाळ, बाप म्हणतो गाढव, बायको तर नावच घेत नाही. माणूस तोच. मी कोतवालाला तिन्ही नावं शिकवली. आबासाहेब विचार, हाच नंबर सांग. नानासाहेब विचार, हाच. दाजी विचार, हाच. मग चेअरमनच्या टेबलावर आबासाहेब घातलं, नलवड्यांच्या टेबलावर नानासाहेब, घोलपांच्या दाजी. आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "साहेब, खरं नाव तुमचंच आहे. पण बोलू नका, बाकीचे दुखावतील."

"आणि बोलले नाहीत?" संभा आता पुरता जागा झाला होता.

"अरे, दुसऱ्याला फसवलंय म्हटल्यावर माणूस गप्प बसतो. आपण फसलोय ही शंका त्याला शिवत नाही."

पण नाव दिलं म्हणजे बारसं आलं. चेअरमननी बहिणीला माहेरी आणलं, कारण नाव आत्यानं ठेवायचं. इंदूताई आल्या त्या पाळणा घेऊनच आल्या. ऑफिसातल्या बायकांनी खोक्याला कुंची बांधली, काजळ-कुंकू लावलं आणि वायरींसकट उचलून पाळण्यात ठेवलं. इंदूताई वाकल्या. सर्व्हरला कान कुठं असतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी पंख्याची जाळी दाखवली. "कुर्रर्र, आबासाहेब!" आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत असे धपाटे घातले, की बाईंचं नाक जाळीत. पंखा चालू होता. कुंकू उलट उडालं आणि चेअरमनसाहेब सभेपर्यंत गुलाबीच राहिले.

पुढच्या आठवड्यात नलवडे आले. "खोचरे, आमच्या बहिणीनं काय घोडं मारलंय?" मग संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पुन्हा पाळणा, पुन्हा कुर्रर्र, नानासाहेब. घोलपांना बहीण नव्हती. त्यांनी सासुरवाडीहून मेव्हणी आणली. मी म्हणालो, मेव्हणी आत्या कशी होईल? ते म्हणाले, सर्व्हर तरी कुठं पोटचा आहे? घुगऱ्या खाऊन खाऊन स्टाफला कामावर उभं राहवेना.

"काका, काहीही!" प्रणोती म्हणाली. पण तिनं खुर्ची पुढे ओढली होती.

"काहीही कसं? फोटो होते. उंदरांनी खाल्ले."

आतली मेलं झकास चालली. चेअरमन समोरच्या खोलीतल्या शिपायाला मेल पाठवायचे, 'चहा आण', आणि मग मेल पोचला का ते ओरडून विचारायचे. एकदाच घोटाळा होता होता टळला. चेअरमन नलवड्यांच्या केबिनमध्ये गेले आणि पडद्यावर नानासाहेब दिसलं.

"खोचरे, हे काय?"

"साहेब, तो तुमच्या सर्व्हरचा हरकाम्या आहे. आबासाहेब आतून हुकूम देतात, नानासाहेब पाणी भरतात."

हे त्यांना फारच पटलं. त्या दिवसापासून ते नलवड्यांशी प्रेमानं वागू लागले. नलवड्यांनाही मी हेच सांगितलं होतं, फक्त उलटं.

आता एक सांगायचंच राहिलं. खोकं मांडताना ते स्वतःचं म्हणून एक नाव मागतं. तिघांतलं एक घातलं तर उरलेले दोघे मला जिवंत ठेवणार नाहीत. मी बराच विचार केला, म्हणजे चहाचा कप संपेपर्यंत. मग तिथं लिहिलं, खोचरे.

"अय्या!" प्रणोती म्हणाली. "स्वतःचंच?"

"का नको? तिघांचे बाप जिन्याखाली बसले, मी तर जिताजागता होतो. कुणाला दिसणार होतं? आत तिघं आपापल्या नावानं हाक मारत होते, आणि ओ देत होता खोचरे. संघात कायम असंच चालत आलं होतं. मी फक्त लिहून ठेवलं."

"पण काका, तो इंजिनियर म्हणाला होता ना, बाहेर तो आपलं नाव सांगतो म्हणून? मग तो बाहेर जाऊन 'मी खोचरे' असंच सांगणार. आणि खोचरे कोण ते बाहेर कुणाला माहीत?"

ही हल्लीची मुलं! गोष्ट ऐकायची सोडून पुढे धावतात. मी म्हणालो, "तुझा सर्व्हर आला का? नाही ना? मग ऐक."

वार्षिक सभा मांडवात होती. सभासद तुडुंब, कारण त्या वर्षी भेट म्हणून स्टीलचा डबा होता. अहवाल, मंजूर? मंजूर! ताळेबंद, मंजूर? मंजूर! कुणी काय मंजूर करतंय ते कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांचे डोळे डब्यांच्या ढिगावर. मग चेअरमन उठले. पांढरा पडदा लावला होता. ते माइकवर म्हणाले, "आता आपल्या आबासाहेब सर्व्हरवरून—"

नलवड्यांनी मान वळवली. "कोण सर्व्हर?"

पण तोवर बटण दाबलं गेलं होतं. 'चि. अभिजित, आशीर्वाद. आपला संघ जगात पोचला. उलट टपाली कळव.' मेल गेला. सगळ्या माना पडद्याकडे. आणि चेअरमननी मिशीवरून हात फिरवायच्या आत उलट टपाल आलं. टाळ्या! केवढ्या टाळ्या! मजकूर इंग्रजीत होता. अमेरिकेत राहून पोरगं मराठी विसरलं, म्हणून चेअरमन हसले आणि त्यांनी हायस्कुलातल्या इंग्रजीच्या मास्तरांना वर बोलावलं. मास्तरांनी चष्मा लावला, वाचलं, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वाचा की, मास्तर."

"साहेब, हे अभिजितचं नाही. मेल परत आलाय. लिहिलंय की, खोचरे म्हणवणारा कोणी दारात आला होता. असा कोणी आम्हाला माहीत नाही. म्हणून दार उघडलं नाही."

आधी एक सभासद हसला, मग मांडव हसला. चेअरमनचा गुलाबी चेहरा जांभळा झाला. "आबासाहेब कुठं गेले?" नलवडे उठले, "नानासाहेब कुठं गेले?" मागून घोलप ओरडले, "दाजीचं काय झालं?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिघांना एकदमच उमगलं की आपल्या बापाचं नाव कुणी ठेवलंच नव्हतं. मग तिघेही माझ्याकडे वळले. संघाच्या इतिहासात संचालक मंडळाचं एकमत झालेलं मी तेव्हाच पाहिलं.

"खांडजाई," चेअरमन म्हणाले. माइकवर. शांतपणे.

मी थांबलो. म्हातारीचा अंगठा पदरात तसाच राहिला होता.

"मग?" प्रणोतीनं विचारलं. "गेलात खांडजाईला?"

"अगं, मी जातो का? नावाचा खोचरे आहे मी! मी तिथंच मांडवातून टेलिफोन ऑफिसच्या साहेबाला फोन लावला. म्हटलं, आमच्या नंबरासमोर बाहेरच्या वहीत खोचरे लिही, आत्ताच्या आत्ता."

"आणि त्यांनी लिहिलं? काका, आमच्याकडे अशा बदलाला अर्ज करून आठवडा जातो. आणि वार्षिक सभा रविवारी असते ना?"

"तेव्हा माणसं रविवारी कामं करायची. लिहिलं! इकडं मी पुन्हा बटण दाबलं. माझा सर्व्हर गेला, दारात छाती काढून म्हणाला, मी खोचरे. आतल्यानं वही बघितली. म्हणाला, या खोचरे, बसा, पाणी घेणार? पान लावून होईतो अभिजितचं उत्तर पडद्यावर! 'बाबा, मेल मिळाला. खोचरेकाकांना नमस्कार.' सगळा मांडव उभा राहिला. डबे विसरली माणसं. चेअरमननी गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, खोचरे, आजपासून सर्व्हरचं नाव तुझंच."

"मग खांडजाईला कोण गेलं?" संभानं विचारलं. नको तिथं हुशारी.

"तो पुण्याचा. कौस्तुभ."

"त्यो तर कंपनीचा माणूस. संघ त्याची बदली कशी करील?"

"बदली नव्हे रे. खजील होऊन गेला. म्हणाला, काकांसारखं डोकं पाहिजे तर खालपासून शिकलं पाहिजे. गेला आणि रुतला." मी आवाज उतरवला. इथं आवाज उतरवावा लागतो. "वाईट दिवस काढले पोरानं. पहाटे थिजलेल्या हातांनी दुधाचं फॅट मोजायचं, चिखलातून कॅन ढकलायचे. तिथं माणसाचं नाव कुणी घेत नाही, बघ. महिनोन्महिने. दूध घालणाऱ्या बायका म्हणतात, 'ओ सेंटरवाले.' टँकरवाला तेवढंही म्हणत नाही, हॉर्न मारतो. संध्याकाळी जनरेटर बंद केला की आपल्या श्वासाचा आवाज येतो. एक कुत्रं होतं तिथं, कान तुटकं. त्याच्याशी बोलायचा बिचारा. भाकरीतली अर्धी त्याला घालायचा."

"तुम्हाला इतकं कसं माहीत?" प्रणोतीनं हळूच विचारलं.

"पत्रं लिहायचा मला. काका, तुम्ही बरोबर होता, म्हणून."

एवढ्यात तिच्या मशीननं टुणकन आवाज केला. "आला सर्व्हर!" ती म्हणाली. "आजी, या. अंगठा द्या. नीट दाबा. अजून. घेतला! घेतला बघा!" पडद्याकडे बघून तिनं मोठ्यानं वाचलं, "हौसाबाई बाबू गावडे. मुक्काम पोस्ट खांडजाई. बरोबर ना?"

मी पिशवी उचलली. म्हटलं, "प्रणोती, माझा उतारा उद्या काढू. उन्हं चढली."

"बसा की, खोचरेसाब," म्हातारी म्हणाली. पदर तिनं डोक्यामागे सारला होता. "मशिनीनं मला वळकाया उशीर केला, म्या तुमास्नी कवाच वळकलंय. त्या जनरेटरला लाथ घातल्याली सांगितली तवाच."

संभा माझ्याकडे बघत होता. प्रणोती माझ्याकडे बघत होती. दार फार लांब नव्हतं, पण दारात हौसाबाईची काठी आडवी होती.

"पुण्याचं प्वार म्या कदी बघितलं न्हाई," ती म्हणाली. "माज्या म्हशीचं फॅट तुमीच काढत हुता, आन् कमीच काढत हुता. रेंज घावती म्हणून टाकीवर तुमीच चढत हुता. आन् कुत्र्याचं समदं सांगितलं, मग नाव का गाळलं? तुमीच ठेवल्यालं न्हवं? सांच्याला भाकरी घिऊन भाईर यायचा आन् वरडायचा, 'ए चेअरमन! चल, ये हिकडं! गिळ!' समदी वाडी हसायची." तिनं आपला ओळखू आलेला अंगठा एकदा पदराला पुसला. "तुमच्या हाकंला त्यो येवडा एकच चेअरमन येत हुता, सायेब."